माया ठेवून शिवायचं ॲप

या वेळच्या टपालात आणि मेलमध्ये मिळून निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आली, पोरं आणि मोबाईल. मी स्वतः अकरा वर्षं लहान मुलांच्या ॲप्सचं डिझाइन केलंय, आधी पुण्यात आणि आता घरी सोलापुरातच बसून, त्यामुळे या वेळी जरा जास्तच जागा मागून घेतली संपादकांकडून. सहा पत्रं घेतलीत. नावं कुणाचीच छापत नाहीये.

ताई, मी विडी घरकुलला राहते. घरात मोबाईल एकच, माझा. मुलगा चौथीत आहे, विडी वळायला बसले की त्याने मधे मधे करू नये म्हणून फोन देते. मागच्या आठवड्यात गेममध्ये ८४० रुपये गेले. मला इंग्रजी वाचता येत नाही, घरी आम्ही तेलुगू बोलतो, हे पत्र शेजारच्या पोरीकडनं लिहून घेतलंय. नवरा म्हणतो तुझीच चूक. मी पोराला मारलं. आता फोन द्यायचा की नाही?

ताई, पहिली गोष्ट, चूक तुमची नाही आणि पोराचीही नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये, मी असले स्क्रीन बनताना जवळून बघितलेत म्हणून म्हणतेय. नाण्यांची रास चमकत असते, वर उलटे आकडे पळत असतात की ऑफर संपली, ऑफर संपली, पिवळं बटण पोराच्या अंगठ्याएवढं आणि बंद करायची फुली मात्र राखाडी रंगाची, ज्वारीच्या दाण्याएवढी, ती पण कोपऱ्यात. नऊ वर्षांच्या मुलाने काय दाबावं हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. फोर्टनाइट गेम बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीला याच कारणासाठी अमेरिकेत २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यायला लावले, डिसेंबर २०२२ मध्ये, कारण बटणं अशी मांडली होती की लोकांकडून नको ती खरेदी व्हायची आणि पोरं आईबापाला न विचारता पैसे उडवायची. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असल्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यावर बंदी घातलीय, खोटी घाई लावणं आणि सारखं टुमणं लावणं हे दोन्ही त्यात आहेत. तेव्हा नवऱ्याला हे पत्र वाचून दाखवा.

आता शेजारच्या पोरीला जरा बसवून घ्या, तिला येईल हे सगळं, पंधरा मिनिटांचं काम आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीच्या आधी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा विचारायला लावायचं. पैसे पाठवायच्या ॲपला वेगळं लॉक, आणि त्यात युपीआय लाइट चालू असेल तर बंद, कारण त्यात छोट्या रकमेला पिन लागतच नाही. तिथेच ऑटोपे नावाचा भाग असतो, त्यात एखाद्या गेमचं नाव दिसलं तर रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत कापतील. गुगलकडून परत मागायचे तर ४८ तासांच्या आत मागितलेले बरे असतात, तुमचे ते दिवस गेले, तरी गेम बनवणाऱ्या कंपनीला लिहून बघा, चौथीतल्या मुलाने दाबलं असं स्पष्ट लिहा. आणि फोन हातात देताना स्क्रीन पिन करून द्या म्हणजे तो त्या एका ॲपच्या बाहेर पडूच शकत नाही, बाहेर यायला तुमचा पॅटर्न लागेल.

खरी गोम वेगळीच आहे आणि ती आमच्या धंद्यातल्या लोकांना कळतच नाही. फोनमधली लहान मुलांसाठीची सगळी सोय अशी धरून चाललेली असते की पोराचा फोन वेगळा, पोराचं खातं वेगळं. आपल्याकडे एकच फोन सकाळी शाळेचा मेसेज बघायला, दुपारी आईचा, संध्याकाळी बापाचा. फोनला वाटतं खेळतेय ती पस्तीस वर्षांची बाई, मग जाहिराती पण तशाच येतात आणि पैसे मागायला पण कुणी मागेपुढे बघत नाही. मी जिथे जिथे काम केलं तिथे हे सांगितलं, की बाबांनो दहा वर्षांचं पोर आईच्या फोनवरच असणार असं धरूनच बनवा.

आणि मारलंत ना त्याला, आता एकदा जवळ घ्या. हजार विडी वळायला अख्खा दिवस जातो, पैसे गेल्यावर जीव जळतो हे मला कळतं. पण मार खाल्लेलं पोर पुढच्या वेळी सांगत नाही, लपवतं, आणि पुढची गोष्ट ८४० रुपयांची नसू शकते. त्याला म्हणा, असं काही चमकायला लागलं की दाबायच्या आधी मला हाक मार, मी रागवणार नाही. आणि खरंच रागवू नका मग.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी मराठी माध्यमाचं गणिताचं ॲप बनवलंय, प्रोजेक्ट म्हणून सुरू केलं, आता लाँच करायचंय. स्ट्रीक, लीडरबोर्ड, नोटिफिकेशन, जवळचे मित्र शोधा, चॅट, सगळं टाकलंय. आमचे सर म्हणतात एंगेजमेंट वाढव. मुलांसाठी सेफ करायचं म्हणजे काय, टर्म्स अँड कंडिशन्सचं एक पान टाकलं की झालं ना?

नाही झालं रे. पण तू लाँच करायच्या आधी विचारलंस याचा मला फार आनंद झाला, कारण बहुतेक जण नंतर विचारतात.

एक प्रसंग सांगते. महापालिकेच्या एका शाळेत वरच्या मजल्यावर आम्ही चार टॅब घेऊन बसलो होतो, एप्रिल महिना, पंखा नुसता गरम वारा फेकत होता. दुसरीतली एक पोरगी, दोन वेण्या, लाल रिबिनी. गोष्टीचं ॲप उघडलं, आणि मायक्रोफोन वापरू का विचारणारी चौकट आली. खाली दोन बटणं, हो आणि नाही. तिने क्षणभर पण न थांबता हो दाबलं. मी विचारलं, काय लिहिलंय वाचलंस का गं? नाही म्हणाली. मग हेच का दाबलंस? तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मलाच काही कळत नाही, आणि म्हणाली, "हिरवं हाय की ओ बाई." ते हिरवं मी केलं होतं. मीच रंग निवडला होता, नाही ला फिकट राखाडी दिला होता, कारण तसं केलं की लोक हो जास्त दाबतात हे आम्हाला माहीत होतं. मोठ्यांसाठी ठीक असेल कदाचित, मला तेही आता पटत नाही, पण सात वर्षांच्या मुलीकडून आपण संमती घेतली असं म्हणायला मला त्या दिवसापासून जीभ रेटत नाही.

तेव्हा पान टाकून होत नाही. मूल काहीच न वाचता, काहीच न बदलता, पहिल्यांदा ॲप उघडेल तेव्हा ते आपोआप सुरक्षित असलं पाहिजे, म्हणजे डिफॉल्ट. ब्रिटनमध्ये यावर चिल्ड्रन्स कोड आहे, १५ नियमांचा, सप्टेंबर २०२० पासून लागू आणि कंपन्यांना सुधारायला वर्षभर दिलं होतं. त्याचा गाभा हाच की मुलाचं हित आधी, प्रायव्हसी सुरुवातीपासूनच कडक, लोकेशन आधीपासून बंद, लागेल तेवढीच माहिती गोळा करायची आणि पोराला ढकलत ढकलत नको ते करायला लावायचं नाही. तू भारतात बनवतोयस, तुला तो लागू नाही, पण वाच.

आपला कायदा त्याहून कडक आहे काही बाबतीत. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, त्यात १८ च्या खालचे सगळे मूल धरलेत, माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी परवानगी लागते, मुलाचा माग काढणं आणि मुलाला टार्गेट करून जाहिराती दाखवणं बंद, मोडलं तर दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. शाळांना शिकवण्यापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती थोडी मोकळीक दिलीय, पण तू शाळा नाहीस, त्यामुळे ती स्वतःला लावून घेऊ नकोस. सगळ्यात सोपा उपाय काय, तर माहितीच घेऊ नको. जन्मतारीख कशाला हवी, इयत्ता विचार. नाव कशाला, एखादं चित्र निवडू दे, मोर, हत्ती, बैलगाडी. फोन नंबर नको, शाळेचं नाव नको. जे तुझ्याकडे नाहीच ते चोरीला पण जाणार नाही.

जवळचे मित्र शोधा हे आजच काढून टाक. आज म्हणजे आज. अकरा वर्षांची पोरगी रोज संध्याकाळी सहाला ट्यूशनला कुठल्या गल्लीतनं जाते हे तुझं ॲप अनोळखी माणसाला सांगणार, दुसरं काही नाही त्यात. चॅट पण काढ. एपिकचंच उदाहरण परत, त्या ग्राहकांच्या पैशांशिवाय मुलांच्या प्रायव्हसीसाठी वेगळा २७.५ कोटी डॉलर दंड झाला, आणि त्यात एक मुद्दा हा होता की गेममध्ये बोलायचं आणि लिहायचं चॅट आधीपासून चालू ठेवलेलं, लहान पोरं थेट अनोळखी मोठ्यांबरोबर. गणितासाठी चॅट लागत नाही. शाबासकी द्यायचीच असेल तर ठरलेली आठदहा वाक्यं दे, तीच पाठवता येतील, टाईप करायला जागाच नको.

आता स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस न चुकता केलं त्याची मोजणी. हे मला लिहायला जड जातं. मी ज्या कंपनीत होते तिथल्या ॲपमध्ये रोज अभ्यास केला की ज्योत वाढायची, एक दिवस चुकला की विझायची. ती कल्पना माझी. आपल्याच सोलापुरातल्या एका आजीबाईंनी कंपनीला मेल केली, नातवाकडूनच लिहून घेतलेली असणार. संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, सात नंदीध्वज निघालेत, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, हलग्या वाजतायत, आणि सहावीतला नातू रस्त्यात रडतोय, घरी चला म्हणतोय, कारण त्याचे ४१ दिवस जाणार होते. घरी आल्यावर विचारलं काय करतोस, तर म्हणाला "अभ्यास करलालोय की", आणि तो अभ्यास म्हणजे काय, एक सोपी बेरीज दाबली, ज्योत राहिली, फोन ठेवला. मी ती मेल मीटिंगमध्ये वाचून दाखवली. ज्योत काढली तेव्हा रोज येणाऱ्या पोरांचा आकडा खाली आला, आणि वर प्रश्न विचारले गेले. आम्ही तिथे आठवड्यातले कुठलेही चार दिवस असं केलं, चुकलं तर आधीचं काही विझत नाही. अनंत खाली खाली जाणारा जो स्क्रोल असतो ना, तो २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने बनवला आणि पुढे त्याने स्वतः जाहीरपणे त्याबद्दल खंत व्यक्त केली. मला ते वाचलं तेव्हा फार जवळचं वाटलं. तुला सांगायचं एवढंच की ही खंत तुझ्या वाट्याला यायलाच पाहिजे असं काही नाही.

लीडरबोर्डमुळे, म्हणजे कोण कितवा ते सगळ्यांना दाखवणाऱ्या यादीमुळे, पहिली पाच पोरं खूश होतात आणि बाकीची पंचेचाळीस रोज हरतात, त्याऐवजी पोराला त्याचाच मागचा आठवडा दाखव. नोटिफिकेशन शाळेच्या वेळात नाही आणि रात्री आठनंतर नाही. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू नको, युट्यूबने सुद्धा १३ ते १७ च्या मुलांसाठी ऑटोप्ले आधीपासून बंद ठेवायला २०२१ मध्ये सुरुवात केली. आणि शेवट असू दे रे ॲपला. आजची पाच गणितं झाली, आता जा खेळायला, असं म्हणणारा स्क्रीन.

पाचवी आणि आठवी एकाच मापात बसवू नकोस. त्या ब्रिटिश कोडमध्ये पण १० ते १२ वेगळे आणि १३ ते १५ वेगळे धरलेत. दहा वर्षांच्याला कारण एका ओळीत आणि बोलून सांग, आठवीतल्याला कार्टून दाखवलंस तर तो ॲप उडवेल. सूचना जिथे लागते तिथेच दे, मराठीत, आणि कानाने ऐकू येईल अशी. आपल्या पूर्व भागातल्या पोरांच्या घरात तेलुगू असते, होटगी रोडकडे कन्नड, मराठी वाचताना अडखळतात पण ऐकून पटकन कळतं.

आणि सरांना विचार की एंगेजमेंट म्हणजे काय धरायचं. पोराला अपूर्णांक कळला का हे मोजायचं, की पोर किती वेळ चिकटून राहिलं हे मोजायचं? तू जे मोजशील तसंच तुझं ॲप होत जाईल. चाचणी घेशील तेव्हा पालकांची लेखी परवानगी घे, आणि पोरालाही विचार, नको म्हणालं तर नको, चेहऱ्याचं शूटिंग करू नकोस, आणि खुर्चीवर नाही, खाली सतरंजीवर बस त्यांच्याबरोबर. मला लिंक पाठव, मी बघेन.

माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेच्या युनिफॉर्मचं युनिट आहे. मुलगी दहावीत, १५ वर्षांची. तिच्या फोनमध्ये तिला न सांगता मी एक ॲप टाकलं होतं, तिचे मेसेज, लोकेशन सगळं मला दिसायचं. तिला कळलं. तीन आठवडे झाले घरात बोलत नाही. बाप म्हणून काळजी केली, त्यात माझं काय चुकलं?

भाऊ, काळजी चुकली नाही, चोरून केलंत ते चुकलं. तिला न सांगता तिची वही वाचली असती तर काय झालं असतं, तसंच आहे हे, फक्त जास्त मोठं, कारण त्या मेसेजमध्ये तिच्या मैत्रिणींचं पण खासगी होतं, दुसऱ्यांच्या मुलींचं. आणि असली चोरटी ॲप्स ते सगळं स्वतःच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात, ते कुठे आहे आणि कोण बघतं हे तुम्हाला तरी माहीत आहे का? मघाशी ब्रिटनच्या ज्या कोडचं लिहिलं त्यात पालकांच्या देखरेखीबद्दल स्वतंत्र नियमच आहे, देखरेख चालू असेल तर मुलाला ते उघड दिसलं पाहिजे.

तुमच्या धंद्यातलीच गोष्ट घ्या. पोराचा युनिफॉर्म शिवताना तुम्ही माया ठेवता. पँटच्या तळाला, स्कर्टच्या कडेला, शिलाईच्या आत दोन बोटं कापड जास्त, की जूनला शिवलं ते पुढच्या जूनला उसवून सोडता यावं. पहिलीच्या मापाचा शर्ट दहावीतल्या मुलीला कुणी घालत नाही आणि बिनमापाचा ढगळा पण घालत नाही. फोनचे नियम तसेच पाहिजेत, आज तिच्या मापाचे, आणि आत माया, म्हणजे कधी किती सोडणार हे तिला आधीच माहीत. तुम्ही तिला मापच घेऊ न देता परस्पर कापड कापलंत.

आता असं करा. ते ॲप तिच्यासमोर काढा आणि माफी मागा, "पण मी तुझ्या भल्यासाठी" हे शेपूट न लावता. मग दोघं मिळून तिचं इन्स्टाग्राम उघडा. टीन अकाउंट म्हणून सोय आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, भारतात २०२५ च्या फेब्रुवारीत आली. खातं आपोआप प्रायव्हेट, ज्यांना ती फॉलो करत नाही त्यांचे मेसेज येत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प, आणि १६ च्या आतल्यांना हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. तुम्ही देखरेख जोडली तर गेल्या सात दिवसांत ती कुणाकुणाशी बोलली ते दिसतं, काय बोलली ते दिसत नाही. मला ही वाटणी बरोबर वाटते. मात्र तिच्या खात्यात जन्मसाल काय टाकलंय ते तिलाच बघायला सांगा, बऱ्याच पोरांनी पाचवीसहावीत खोटं साल टाकून खातं काढलेलं असतं आणि मग यातलं काहीच लागू होत नाही.

कागदावर लिहा सगळं, साधा वहीचा कागद चालेल. बोर्डाची परीक्षा झाल्यावर काय सैल करायचं, सोळावा वाढदिवस झाल्यावर काय. खाली तिची सही आणि तुमची पण.

माझं वय १६. नाव गाव काहीच छापू नका. ऑनलाइन ओळख झालेल्या एकाला मी एक फोटो पाठवला होता. आता तो पैसे मागतोय नाहीतर सगळ्यांना पाठवीन म्हणतो. घरी सांगितलं तर शिक्षण बंद करतील. मला झोप लागत नाही.

बाळा, तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला खासगीत उत्तर पाठवलंय, इथे छापतेय ते तुझ्यासारख्या आणखी जणींसाठी आणि मुलांसाठीही, कारण मुलांना पण असंच फसवतात आणि ते तर अजिबात सांगत नाहीत.

गुन्हा त्याचा आहे. तुझा नाही. तू १८ च्या आत आहेस, त्यामुळे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक छळापासून वाचवणारा कायदा, तुझ्या बाजूने आहे. पैसे देऊ नकोस, एकदा दिले की तो परत मागतो. त्याला ब्लॉक करायच्या आधी धमकीच्या मेसेजचे, त्याच्या खात्याच्या नावाचे, पैसे मागितलेल्या नंबरचे स्क्रीनशॉट काढ, कारण काही ॲप्समध्ये ब्लॉक केलं की चॅटच गायब होतं आणि पुरावा जातो. तो फोटो मात्र पुरावा म्हणून कुणालाही फॉरवर्ड करू नकोस. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, पैसे गेले असतील तर तिथे लगेच. १०९८ हा मुलांचा, दिवसरात्र चालू, फोनवर नुसतं रडलीस तरी ऐकतात. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर मुलांबद्दलच्या अशा तक्रारी नाव न सांगताही करता येतात. आणि टेक इट डाऊन म्हणून एक मोफत सेवा आहे, १८ च्या आतले फोटो पसरू नयेत म्हणून, त्यात फोटो तुझ्या फोनबाहेर जातच नाही, त्याचा फक्त एक आकडी ठसा बनतो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या तो ठसा ओळखून फोटो थांबवतात.

एक मोठं माणूस निवड. आईबाबाच पाहिजेत असं नाही, मावशी, आत्या, शाळेतल्या बाई, जिचा चेहरा आत्ता हे वाचताना डोळ्यासमोर आला ती.

आणि आईबापांनो, हे वाचताय ना? या पोरीला धमकीवाल्याची जेवढी भीती आहे त्याहून जास्त तुमची आहे. शिक्षण बंद करीन, फोन फोडीन असं आपण सहज बोलून जातो, आणि तो माणूस तेच वाक्य शस्त्र म्हणून वापरतो. आज जेवताना घरात एकदा मोठ्याने म्हणा, की काहीही झालं, फोटो गेला असला तरी, आधी मला सांगायचं, शाळा बंद होणार नाही.

मुरारजी पेठेतून लिहितो. वय ७२. ऑस्ट्रेलियाने सोळाच्या आतल्या मुलांना सोशल मीडिया बंद केला, आपल्याकडे का करत नाहीत? एवढं सगळं डिझाइन वगैरे कशाला?

काका, तिथला कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे दंड पोराला नाही आणि आईबापालाही नाही, कंपनीला, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. जबाबदारी योग्य खांद्यावर टाकली. पण आपण जून २०२० मध्ये टिकटॉक बंद केलं, तर जुलैमध्ये इन्स्टाग्रामने इथे रील्स आणले आणि पोरं तिकडे गेली, तीच सवय, तेच बोट. बंदीने दार बदलतं. आणि सोळावा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी तेच चिकटवून ठेवणारं यंत्र त्या पोराच्या हातात येणार, मधे काहीच शिकवलेलं नाही.

शिवाय तुमच्याच गल्लीत बघा, क्लासची फी परवडत नाही म्हणून युट्यूबवर बघून स्कॉलरशिपचा अभ्यास करणारी पोरं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगाबद्दल जे मांडलं त्यात मुलांचं संरक्षण आहे तसा माहितीचा आणि खेळण्याचा हक्कही आहे. मी बंदीच्या विरोधात नाही, पण रस्त्यावर गाड्या येतात म्हणून पोरांना घरात कोंडायचं की गतिरोधक करायचा, यात मी गतिरोधक करणाऱ्यांत आहे.

ताई मी सहावीत आहे. गेममध्ये एक दादा आहे तो पुण्याचा आहे. त्याने मला स्किन, म्हणजे गेममधल्या माझ्या खेळाडूचा नवा ड्रेस, गिफ्ट दिली. आता तो म्हणतो व्हॉट्सॲप नंबर दे आणि घरी सांगू नको. तो चांगला आहे. देऊ का?

नको देऊ.

तो पुण्याचा आहे हे त्याने सांगितलं, तू बघितलेलं नाहीस. तो दादा आहे की काका आहे हेही तुला माहीत नाही. चांगला मोठा माणूस लहान मुलाला कधीच म्हणत नाही की घरी सांगू नको. कुणीही असं म्हणालं, गेममधला असो, गल्लीतला असो नाहीतर नात्यातला, तर तीच गोष्ट त्याच दिवशी घरी सांगायची. स्किन घेतलीस म्हणून तुला आता काही द्यावं लागतं असं वाटत असेल, तर नाही लागत, त्याचं तू काही देणं लागत नाहीस आणि तू काही चूक केलेली नाहीस. त्याला उत्तर देऊ नको, आईला किंवा बाबांना तो मेसेज दाखव, मग त्यांच्यासमोर त्याला ब्लॉक कर आणि रिपोर्ट पण कर. सांगायला भीती वाटली तर हे पान उघडून त्यांच्यासमोर धर आणि तुझ्या प्रश्नावर बोट ठेव.

झाल्यावर मला कळव. पुढच्या अंकाची वाट बघू नको, मासिकाच्या पत्त्यावर कार्ड टाक नाहीतर आईच्या फोनवरून मेल कर, मी वाचते.